दहा मुके खांब

सेवानिवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षे मनुष्य आपले जुने दफ्तर मनातल्या मनात चालवीत असतो, आणि तिसऱ्या वर्षी, चालवण्याजोगे काहीच शिल्लक नाही हे ध्यानी आल्यावर, घरातल्यांच्या कामात लुडबुड करू लागतो; क्रोशाची सुई माझ्या हाती आली ती या तिसऱ्या वर्षी. नातीला केसांवर बांधायला रंगीबेरंगी पट्टा हवा होता आणि पत्नीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. "अहो, मी तोंडाने सांगते, तुम्ही हाताने करा," असा हुकूम सुटला, आणि जन्मभर इतरांवर हुकूम बजावलेला मी ४ मिलिमीटरची सुई घेऊन निमूटपणे बसलो.

लोकर नवी आणायची नाही, हे तिने आरंभीच बजावले. जुना स्वेटर उसवला की त्याची लोकर नागमोडी निघते. तिची लड बांधून, कोमट पाण्यात बुडवून, खाली एखादे हलके वजन अडकवून ती वाळत टाकली, म्हणजे पूर्वायुष्यातले वळण सोडून ती सरळ होते. अशा तीन लडी निघाल्या : एक शेंदरी, एक मोरपंखी, आणि एक गुलाबी, जिच्याविषयी मी मौन पाळले.

नातीचे डोके २० इंचांचे भरले. पट्टा १८ इंचांचाच करायचा, कारण तो ताणूनच बसला पाहिजे. अकरा साखळ्या घालायच्या, सुईजवळची एक सोडून द्यायची, आणि उरलेल्या दहांवर दहा मुके खांब उभे करायचे. या बुटक्या टाक्याला 'मुका' हे नाव ज्या कोणा बाईने दिले, तिला माझा नमस्कार! पुढच्या प्रत्येक ओळीत टाक्याच्या माथ्यावरल्या दोन धाग्यांपैकी मागचाच धागा उचलायचा. त्याने आडव्या चुण्या पडतात आणि पट्ट्याला ताण येतो. रंग बदलण्याची रीत मात्र मला विशेष वाटली : जुन्या रंगाचा शेवटचा खांब पुरा होण्याआधीच, त्याची अखेरची ओढ नव्या धाग्याने घ्यायची असते. कार्यभार सोपवण्याची इतकी सुबक पद्धत आमच्या खात्यात कधी दिसली नाही.

दोन सुयांच्या विणकामात साऱ्या ओळीचे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात. त्यातला एक निसटला की पार खालपर्यंत शिडी पडते. क्रोशात जिवंत असतो तो एकच फास, बाकीचे सारे तिथल्या तिथे बंद झालेले. त्या दोन सुयांच्या कामासाठी विल्यम ली या इंग्रज पाद्र्याने १५८९ सालीच यंत्र रचले. क्रोशाचे खरेखुरे काम मात्र आजही हातानेच होते, यंत्रातून निघते ती त्याची नक्कल. एकच फास जिवंत असल्यामुळेच हे काम दूध उतू जाताना, दारावर कोणी आले असताना, मूल रडत असताना तहकूब करता येते. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमधल्या बायकांनी क्रोशाच्या लेसवर चूल पेटती ठेवली, आणि गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूर भागात बायका आजही घरकामातून सवड काढून ती विणतात. आमच्या घरी रेडिओवर पसरलेला पांढरा रुमालही अशाच तुटक वेळाचा आहे, हे मला ठाऊक नव्हते. मी त्यावर वर्तमानपत्र ठेवीत आलो.

विसाव्या ओळीला तपासणी झाली. तिने डोळ्यांनी नव्हे, बोटांनी टाके मोजले. "आठच आहेत. कडेचे खांब खाल्लेत तुम्ही."

अफरातफरीचा असा आरोप सबंध नोकरीत माझ्यावर आला नव्हता. कैफियत मांडण्यासाठी मी तोंड उघडले, तोवर तिने सुई काढून धागा ओढला होता, आणि नऊ ओळी सर्रकन उसवून मांडीवर आल्या. बाराव्या ओळीशी, जिथे पहिला खांब मी गाळला होता, तिचे बोट थांबले. "इथून."

नात शाळेतून आली तेव्हा पट्टा चार इंचांचा झाला होता. तिने तो कपाळावर धरून आरशात पाहिले आणि गुलाबी कधी येणार, असे विचारले. आतून चहाची हाक आली. मी जिवंत फास थोडा मोठा ओढून ठेवला, सुई काढली आणि उठलो.