खुशालचेंडू

आपल्या मराठीत 'खुशालचेंडू' असा एक झकास शब्द आहे. हल्ली फारसा कानावर पडत नाही. वर्गात एकदा मी तो वाक्यात उपयोग करायला दिला होता, तर एका मुलीने लिहिलं होतं, "माझा खुशालचेंडू गच्चीवर हरवला." अर्धा गुण दिला मी तिला. व्याकरण तरी बरोबर होतं!

परवा या शब्दाची फार आठवण झाली. पुण्याला धाकटीकडे गेले होते. दुपारची वेळ, बाहेर ऊन मी म्हणत होतं. नातवाने विचारलं, आजी, जुना सिनेमा लावू का, ब्लॅक अँड व्हाइट? लाव म्हटलं. त्याने लावला 'लव्ह इन द आफ्टरनून'. १९५७ सालचा, बिली वाइल्डरचा. माझं सगळं शिक्षण मराठीतून, त्यामुळे ते लोक भराभरा बोलायला लागले की माझी गाडी मागे राहते. पण खाली अक्षरं येत होती, आणि अडलं की नातू थांबवून सांगत होता. धाकटी शेजारी मटार सोलत बसली होती.

यातला नायक फ्रँक फ्लॅनगन हा अगदी नमुनेदार खुशालचेंडू. अमेरिकन कोट्यधीश. आज या देशात, उद्या त्या देशात, आणि जाईल तिथे एक नवी बाई. पॅरिसमध्ये आला की मुक्काम रिट्झ हॉटेलात. मागे चार जिप्सी वादक असतात, ते 'फॅसिनेशन' नावाची एक सुरावट वाजवतात आणि नेमक्या वेळी गुपचूप निघून जातात. (पुढे तर हे महाशय वाफेच्या स्नानाला बसतात तिथेही ते वाजवत बसलेले आहेत, घामाघूम होऊन. मी आणि नातू दोघंही पोट धरधरून हसलो.)

पण मला गुंतवलं ते त्या नायकाने नाही. नायिकेच्या बापाने. क्लोद शावास हा पॅरिसमधला खाजगी गुप्तहेर. संशयी नवरे त्याच्याकडे येतात, तो त्यांच्या बायकांच्या मागावर राहतो, फोटो काढतो, फायली करतो. घरभर असल्या भानगडींच्या फायली. एकटाच बाप, एकुलती एक मुलगी. ही आरियान चेलो शिकते आणि बापाची पाठ वळली की त्या फायली चोरून वाचते. आमच्या लहानपणी आम्ही अभ्यासाच्या पुस्तकात कादंबऱ्या लपवून वाचायचो, तसंच.

एक नवरा पिस्तूल घेऊन फ्लॅनगनला मारायला निघतो, ते ही मुलगी ऐकते आणि त्याला वाचवायला स्वतःच हॉटेलात जाते. वाचवते, आणि त्याच्याच प्रेमात पडते. नाव सांगत नाही. वर्षभराने तो पुन्हा भेटतो तेव्हा आपणही काही कमी नाही हे दाखवायला ती थापा मारायला लागते. माझे अमुक प्रियकर होते, तमुक होते. सगळे बापाच्या फायलींतून उचललेले! आणि तो खुशालचेंडू, ज्याने आयुष्यात कधी कुणाची पर्वा केली नाही, तो मत्सराने वेडापिसा होतो. ही मुलगी आहे तरी कोण याचा शोध लावायला गुप्तहेर नेमतो. कोणता गुप्तहेर, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

गॅरी कूपर म्हातारा दिसतो, हे खरं. सिनेमा आला तेव्हा तो ५६ चा आणि ऑड्री हेपबर्न २८ ची. तेव्हाही लोकांना हे खटकलं होतं. वाइल्डरला म्हणे आधी कॅरी ग्रँट हवा होता. पण मला वाटतं, तो म्हातारा दिसतो तेच बरं आहे. त्यामुळे बापाच्या पोटात काय कालवलं असेल ते कळतं. बापाच्या भूमिकेत मॉरिस शेव्हालिये आहे. काय माणूस! एरवी मिस्कील. पण आपण शोधतो आहोत ती आपलीच लेक, हे लक्षात येतं तेव्हा त्याचा चेहरा बघावा.

मग तो हॉटेलात जातो. शांतपणे अहवाल देतो. या मुलीने सांगितलेलं सगळं खोटं आहे, तिच्या आयुष्यात कुणीही नव्हतं, आणि ती माझी मुलगी आहे. आरडाओरडा नाही. फक्त विनंती, की तुम्ही निघून जा.

इथे मी नातवाला म्हटलं, "जरा थांबव रे." तो खेळायला पळाला. मी आणि धाकटी राहिलो.

आता पुढचं तिला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, लिही, फक्त नावं घालू नकोस.

१९९८ सालची गोष्ट. धाकटी पुण्यात नोकरी करत होती, २७ वर्षांची. एका सुट्टीत घरी आली आणि स्वयंपाकघरात मला एकटीला गाठून म्हणाली, कचेरीतले एक जण आहेत, लग्न करावं म्हणते. वय ४१, घटस्फोट झालेला. यांना रक्तदाबाचा त्रास, म्हणून तिने आधी मला सांगितलं. मी "बघू" म्हटलं. ती गेल्यावर मीही शावास झाले. म्हणजे आपल्याकडे लग्न ठरताना प्रत्येकजण गुप्तहेरच असतो म्हणा! चौकशी, चौकशी आणि चौकशी. ओळखीतल्या एका बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पहिली बायको का सोडून गेली असेल, तुम्हीच समजा. मी समजले. शावासकडे फायलींचा ढीग होता, माझ्याकडे हा एक फोन. तेवढ्यावर मी त्या गृहस्थाला खुशालचेंडू ठरवून मोकळी झाले.

यांना सांगितलं, बोर्डाच्या पेपरांची मीटिंग आहे. साताऱ्याहून सकाळची एसटी पकडली आणि स्वारगेटजवळच्या एका उडप्याकडे त्यांना भेटले. त्यांनी माझ्यासाठी डोसा मागवला, मी हात लावला नाही. पाठ केलेलं सगळं बोलले. आमचं घर साधं आहे, तिच्या वडिलांना सोसणार नाही, तुम्ही मोठे आहात, तुम्हीच मागे फिरा. त्यांनी एकच विचारलं, "तिला सांगून आलात का?" नाही म्हटलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ठीक आहे." परतीच्या गाडीला तोबा गर्दी होती. त्यांनीच खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरली. दोनेक महिन्यांत ते नोकरी बदलून बंगलोरला गेल्याचं कळलं. धाकटी काही बोलली नाही, फक्त सात-आठ महिने घरी आली नाही. पुढे चांगलं स्थळ आलं, लग्न झालं. हे २०११ ला गेले, त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं.

सगळं मी तिला सांगितलं. मटारांकडे बघत. माझे हात थरथरत होते.

ती म्हणाली, "आई, मला माहीत आहे. त्यांनी त्याच रात्री फोन करून सांगितलं होतं."

मला काही सुचेना. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते."

वर म्हणते, जावयांनाही तिने लग्नाआधीच सांगितलं होतं. म्हणजे घरात हे गुपित सांभाळत बसलेली मी एकटीच! मी विचारलं, राग आला होता का गं? "खूप," ती म्हणाली. "तुझा आला, पण त्यांचा जास्त. एका भेटीत माघार घेतली माणसाने." ती हे मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की खरंच, ते मला कळलेलं नाही. तिच्या आवाजावरूनही नाही. जन्मभर मुलींच्या चेहऱ्यावरून पाठांतर झालंय की नाही ते ओळखत आले, पण हे काही ओळखता आलं नाही.

मग नातू आला आणि राहिलेला सिनेमा बघितला. फ्लॅनगन गाडीने निघतो, गाडी सुटते, आरियान फलाटावरून सोबत पळते आहे आणि डोळ्यांत पाणी असताना अजूनही थापाच मारते आहे, की माझी काळजी नको, माझ्यामागे पुष्कळ जण आहेत. तो दारात उभा. शेवटी न राहवून तिला उचलून गाडीत घेतो. बाप फलाटावर बघत उभा. अमेरिकेत दाखवताना म्हणे बापाच्या आवाजात चार शब्द जोडले होते, की पुढे दोघांचं रीतसर लग्न झालं. तिकडेही लोक आपल्यासारखेच!

धाकटी म्हणाली, "बघ, तो खरा लफंगा होता, आणि त्याने नेलं." आणि मटाराची सालं उचलून आत गेली.

एक गोष्ट त्या दिवशी तिला सांगायची राहिली. स्वारगेटला गाडी सुटली तेव्हा तो रुमाल माझ्याच हातात राहिला होता. पांढरा, निळ्या काठाचा. धुऊन, इस्त्री करून परत पाठवावा असं बरेच दिवस मनात होतं. तो अजून कपाटात, माझ्या शाळेच्या कागदांखाली आहे.