वहीतला तिसरा रकाना

मुलांना निसर्ग 'दाखवायला' न्यावे लागते, ही समजूत शहरातली. आमच्या नंदगडला रान दाराशीच. पण दारातले दिसत नाही, ही खरी अडचण. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळांतून शिकवावा असा आदेश दिला, तो योग्यच होता. पुढे पोरे 'पर्यावरण म्हणजे काय' हे घडाघडा म्हणू लागली, अन् खिडकीत बसलेल्या पक्ष्याला मात्र 'पाखरू' म्हणून मोकळी होत.

म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर मी पाच-सहा पोरांना घेऊन हिंडू लागलो. पहिला मुक्काम संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीवरचा वड. रायण्णाला इथे १८३१ साली फाशी दिले. मूल व्हावे म्हणून लोक इथे पाळणे बांधतात. एकाने 'वड' म्हटले, दुसऱ्याने 'आलद मर', आणि जुंपली! आपल्या भागात नावावरून भांडण पेटायला किती वेळ लागतो, हे वाचकहो, तुम्हांला काय सांगायचे? मी वहीत रकाने आखले. एकात मराठी, एकात कन्नड. जांभूळ-नेरळे, उंबर-अत्ती. तिसरा रकाना आजीसाठी : ती त्या झाडाचे काय करते? तोच सर्वांत आधी भरला. साल कशावर उगाळायची, कोणत्या लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबतो, कोणते झाड तोडायचे नाही. पोरांच्या घरी एवढे ज्ञान पडून होते आणि कुणी विचारीत नव्हते.

सलीम अलींची गोष्ट मी त्यांना नेहमी सांगतो. १९०८ च्या सुमारास मुंबईत या पोराने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिचा गळा पिवळा कसा, हे मामांना सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. त्या गोऱ्या साहेबाने पोराला हाकलले नाही, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कपाटच उघडून दाखवले. आमच्याकडे कपाट नाही, रान आहे.

त्या रानात धनेश आहे. त्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून फट तेवढी ठेवते. पुढे कित्येक आठवडे नर फळे आणून त्या फटीतून भरवतो. हे सांगताना एका पोराने विचारले, "सर, बापूसच परत नाही आला तर?" त्याचा बाप गोव्याला कामाला होता, दोन महिने पत्ता नव्हता. बहुधा घरटे वाचत नाही, हे खरे उत्तर मला माहीत होते. खोटे सांगवेना. "आई ढोली फोडून बाहेर येऊ शकते," एवढे सांगितले. तेही खरेच आहे. पोर बराच वेळ वर बघत राहिले.

२०११ साली आमच्या खानापूर तालुक्यातले भीमगड अभयारण्य जाहीर झाले. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनचे वटवाघूळ राहते. १९१३ साली शास्त्रात त्याची नोंद झाली. ते जगात इथेच आहे असे पुष्कळ वर्षे मानत. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही सापडले. पोरे हट्ट धरतात, पण तिथे मी कुणाला नेत नाही. माणसांच्या वावराने ती जागा सोडून जातात. हे सांगितल्यावर पोरे रुसली. एका मुलीने मात्र वही काढली, 'वटवाघूळ' लिहिले आणि तिसऱ्या रकान्यात घातले : 'त्रास द्यायचा नाही'.