आरशातल्या माना

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते. कोणाकडून किती येणं, कोणाचं किती देणं, हे दिवसभर बघायचं. त्यामुळे देणं ठेवून झोप लागत नाही. एक देणं मात्र सात-आठ वर्षं तसंच आहे. एकदा मी पाकीट पुढे केलं होतं, तर ज्यांचं देणं ते अर्धा चहा तसाच ठेवून उठून गेले.

ते आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. पनवेल डेपोतून निवृत्त झालेले एस.टी.चे ड्रायव्हर. सगळी पोरं त्यांना एस्टीकाका म्हणतात, म्हणून मीही. २०१८ च्या जूनपर्यंत आमचा संबंध जिन्यात 'काय, पाऊस लागला' एवढाच होता.

त्या जूनमध्ये पेणला आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. दर शनिवारी मला पेण गाठणं भाग झालं. पनवेल ते पेण पस्तीसेक किलोमीटर, एरवी तासाभराचं काम. अडचण गुंड्याची होती. वडाळे तळ्यापाशी एका हातगाडीखाली भिजत पडलेलं हे पिल्लू मी आदल्या वर्षी घरी आणलं होतं. एकटं ठेवलं तर दार खरवडून खरवडून नखांतून रक्त काढायचा. म्हणजे त्याला बरोबर नेणं आलं. महाभारतात धर्मराज कुत्र्याशिवाय रथात चढायला तयार नव्हता; आमच्याकडे कुत्राच रथात चढायला तयार नव्हता.

उचलून गाडीत टाकला की पळस्पे फाट्यापर्यंत कुईंकुईं. तिथून गोव्याचा रस्ता लागला की भुंकणं सुरू. प्रत्येक ट्रकवर, प्रत्येक मोटारसायकलवर. कर्नाळ्याच्या खिंडीत वळणं सुरू झाली की सीटवर गरागरा फिरायचा, लाळेच्या तारा खिडकीच्या काचेला चिकटायच्या, आणि खारपाड्याचा पूल यायच्या आत ओकायचा. पावसामुळे काचा खाली करता येत नसत. एका शनिवारी पाताळगंगेच्या पुलावर मी मागे हात टाकून त्याला वर्तमानपत्राच्या सुरळीने मारलं. तो क्षणभर गप्प झाला, आणि मग आणखी मोठ्याने ओरडला. आईजवळ पोचले तेव्हा माझे हात कापत होते. तिला वाटलं, तिच्या काळजीने.

मग एका दवाखान्यातून मी गोळी आणली. प्रवासाआधी तासभर द्यायची. दिली. गुंड्या खरंच गप्प झाला. परत येऊन सोसायटीच्या फाटकात गाडी उभी केली, मागचं दार उघडलं, तर तो गोणपाटासारखा पडलेला. पाय हलत नव्हते. डोळे मात्र टक्क उघडे होते आणि बरगड्या भात्यासारख्या चालल्या होत्या. एस्टीकाका फाटकाशी भाजीची पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली, वाकून गुंड्याच्या जबड्याखालची ओली सीट बोटाने चाचपली.

"हा वांड नाय, बाय. ह्याला गाडी लागते."

गाडी लागते! हा शब्द मी लहानपणापासून माणसांसाठी वापरत आलेय. आत्याला लागायची, मलाही लागायची. पण कुत्र्यालाही तेच होत असेल, हे डोक्यात आलं नव्हतं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. तो सांगतो आपण हलतोय, डोळे सांगतात सीट तर जागेवरच आहे, आणि या भांडणात पोट ढवळतं. पिल्लांमध्ये तो भाग पुरता तयार नसतो, म्हणून त्यांना जास्त त्रास. बरीचशी वर्षाभरात त्यातून बाहेर पडतात, पण तोवर गाडी म्हणजे मळमळ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. जांभया, ओठ चाटणं, लाळ ही आधीची लक्षणं, भुंकणं त्यानंतरचं. आणि मी दिली होती तसली, एसप्रोमझिनच्या जातीची गोळी अंग ढिलं करते, भीती आत तशीच ठेवते. ओरडायचीही ताकद नाही, एवढंच. उलटी थांबवणारं मॅरोपिटंट वेगळं. अमेरिकेत ते कुत्र्यांसाठी २००७ साली मंजूर झालं. ते आम्ही पुढे दोन-तीनदा, डॉक्टरांना विचारूनच, वापरलं.

पण ही सगळी माहिती नंतरची. त्या संध्याकाळी काका एवढंच म्हणाले, "उद्या सहाला गाडीची चावी घेऊन ये. गाडी चालवायची नाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीची चारही दारं उघडली. काकूंच्या जुन्या लुगड्याची गोधडी मागच्या सीटवर पसरली आणि स्वतः तिच्यावर बसून 'कृषीवल' वाचायला लागले, मोठ्याने. भाताचे भाव, अलिबागची कुठलीशी सभा, निधन वार्ता. गुंड्या दहा फुटांवर उभा. काकांच्या शर्टाच्या खिशात कागदाच्या पुडीत सुकट होती. त्याच्याकडे न बघता ते चिमूटभर सीटच्या कडेला ठेवत. पहिल्या दिवशी त्याने पुढचे दोन पाय वर ठेवले, सुकट चाटली आणि पळाला. काकांनी पेपराची घडी केली. "झालं आजचं."

मला वाटलं, ही काय प्रगती! चौथ्या दिवशी तो गोधडीवर बसला. मग एक दार लावलं. मग चारही. मग इंजिन सुरू करून तसंच उभं, आणि काकांचं वाचन चालूच. मग गाडी फाटकापर्यंत आणि परत. उपाशीपोटी आणायचा, तीन-चार तास आधी काही द्यायचं नाही, आणि सुकट म्हणजे फक्त वास, असा त्यांचा हिशेब. एस.टी.त ते हेच सांगायचे म्हणे. भरपेट मिसळ खाऊन घाटात बसणाऱ्याला ड्रायव्हर काय करणार.

पुढे माझ्या वाचनात आलं की २००६ साली बेलफास्टमध्ये डेबोरा वेल्स नावाच्या संशोधक बाईंनी ३२ कुत्र्यांना गाडीत लव्हेंडरच्या वासात फिरवलं, तर त्यांचं फिरणं आणि भुंकणं कमी झालं. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "तिकडं सुकट मिळत नसेल." माझी गाडी आजही पावसाळ्यात दमट झाली की पनवेलच्या मासळी बाजाराची आठवण करून देते. ऑफिसातली मंडळी लिफ्ट मागत नाहीत, हा वरचा फायदा.

दहाव्या दिवशी मी माती खाल्ली. पेणहून रात्री फोन आला, आईला ताप भरला होता. मी गुंड्याला उचलून गाडीत कोंबलं आणि निघाले. पाऊस, ट्रक, खड्डे, कर्नाळ्याची खिंड. सगळं पहिल्यासारखं झालं, उलट जास्तच. परतल्यावर तो गाडीच्या वीस फुटांत यायला तयार नव्हता. काकांना तोंड कसं दाखवायचं, म्हणून मी दोन दिवस मागच्या जिन्याने ये-जा केली. तिसऱ्या दिवशी सहा वाजता खिडकीतून बघते तर गाडीजवळ काका पेपर घेऊन उभे. चावी माझ्याकडे, म्हणून दारं बंद. नुसते बॉनेटला टेकून वाचत होते. गुंड्यासाठी सुकटीची पुडी जमिनीवर, चाकापासून वीस फुटांवर ठेवलेली.

ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "आई ती आईच. आता पुन्हा पहिल्यापासून."

ह्या 'पुन्हा पहिल्यापासून'ची किंमत मला लावता येत नाही. पहिले दहा दिवस कोणीही शेजारधर्म म्हणून केले असते. पुढचे तीस दिवस, माझ्या चुकीवर, रोज सहाला, एका कुत्र्यासाठी जे त्यांचं नाही.

गाडी रस्त्यावर आली तेव्हा काका मागे गुंड्याजवळ बसायचे आणि शिकवणी माझी सुरू झाली. गुंड्याला कमरपट्टा-छातीपट्टा घालून सीटच्या बकलला अडकवलेला, मागच्या बाजूच्या काचांना पडदे, काच दोन बोटं उघडी. पहिली फेरी वडाळे तळ्यापर्यंत. उतरवून त्याला तासभर हुंदडू दिला. "गाडी दवाखान्यातच नेते, हे त्यानं धरून ठेवलंय. जरा बऱ्या ठिकाणी ने की," काका म्हणाले. खरं होतं. गाडीतून त्याची पहिली सफर खच्चीकरणाच्या ऑपरेशनसाठी झाली होती.

आणि मागून त्यांचा आवाज. "ब्रेक मारू नको, धर." "पुढचा थांबणार, दिसतंय ना, मग पाय आत्ताच काढ." "वळणात शिरायच्या आधी गिअर, वळणात नाय." बारा वर्षं गाडी चालवत होते, चांगली चालवते असा समज होता. एकदा त्यांनी माझा आतला आरसा हाताने वाकवून मागच्या सीटवर आणला.

"गाड्या बाहेरच्या आरशांत बघ. ह्या आरशात माना बघायच्या. पाशिंजरांच्या माना. ब्रेकला सगळ्या माना एकदम पुढं आल्या, तर चूक तुझी. माना जागेवर राहिल्या तर लोक झोपतात. झोपलेल्याला गाडी लागत नाय."

त्या दिवसापासून मी गुंड्याची मान बघत गाडी चालवायला शिकले. तो भुंकायच्या कितीतरी आधी त्याची मान ताठ व्हायची, आणि त्याच्याही आधी माझा पाय चुकलेला असायचा. ऑगस्टच्या शेवटी कर्नाळ्याच्या खिंडीतून तारा गावापर्यंत गेलो. एक जांभई, थोडी लाळ, आवाज नाही. तारा गावात गाडी सावलीला लावून त्याला पाणी पाजलं. काका लांब जाऊन रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले. तोंडात आवळासुपारी. ती त्यांच्या तोंडात नेहमी असायची; मला वाटायचं, तंबाखू सोडल्याचा पर्याय.

मला खरं काय ते काकूंनी सांगितलं, वाटीभर साखर परत करायला गेले तेव्हा.

"ह्यांना मागं बसलं की लागते गो गाडी. लग्नाला जायचं तरी पुढं बसतात नायतर जात नाहीत. तुझ्याबरोबर जाऊन आले की रात्री जेवत नाहीत."

स्टेअरिंग हातात असलं की अंगाला वळण आधीच कळतं, म्हणून गाडी चालवणाऱ्याला सहसा लागत नाही. तोच माणूस मागे बसला की लागते. आयुष्यभर घाट चालवलेला, विनाअपघात सेवेचा बिल्ला भिंतीवर लावलेला ड्रायव्हर महिनाभर माझ्या मागच्या सीटवर कुत्र्याशेजारी मळमळ गिळत बसला होता. पाकीट मी त्यानंतर पुढे केलं. कसं झालं ते वर सांगितलंच आहे.

दोन दिवसांनी ते आपणहून आले. "पेणला जातेस ना? मला गणपती आणायचाय. मग माणगावच्या पुढे गावी सोडशील?"

दरवर्षी ते पेणहून शाडूची मूर्ती घेऊन, मांडीवर ठेवून एस.टी.ने गावी जायचे. चतुर्थी १३ सप्टेंबरला होती. आधीच्या रविवारी आम्ही निघालो. पेणला कारखान्यात त्यांनी अर्धा तास मूर्ती निवडली, तिच्या तोंडावर रुमाल बांधून घेतला, आणि गाडीशी आल्यावर मी पुढचं दार उघडलं.

"मागं बसतो," काका म्हणाले. "बाप्पाला पुढं हादरे जास्त."

पेणच्या पुढचा रस्ता माहीत असलेल्यांना सांगायला नको. पनवेल ते इंदापूर चौपदरी करायचं काम २०११ पासून चाललेलं, आणि त्या पावसात जिथे रस्ता होता तिथे खड्डे आणि जिथे खड्डे नव्हते तिथे वळवलेला मातीचा रस्ता. मागे शाडूचा गणपती, गुंड्या आणि काका. वडखळ, नागोठणे, कोलाड. मी रस्त्याकडे बघत होते तेवढीच आरशाकडे. डावीकडे गुंड्याची मान, उजवीकडे काकांची, मधे रुमालाचा लाल तुकडा. कोलाडच्या पुढे गुंड्याने मान काकांच्या गुडघ्यावर टाकली. मग बऱ्याच वेळाने बघितलं तर काकांचीही मान काचेला टेकली होती. तोंड किंचित उघडं. आवळासुपारी चघळणं थांबलेलं.

मी हॉर्न वाजवला नाही. मागून एक डंपर चिडून वाजवत होता, त्याला जाऊ दिलं.

गावात पोचेपर्यंत दुपार कलली. काका मूर्ती घेऊन उतरले, पडवीत पाटावर ठेवली, रुमाल न काढता बाहेरूनच सोंड, हात, बोटं चाचपून बघितली. गुंड्या खाली उडी मारून समोरच्या आंब्याच्या बुंध्याशी तंगडी वर करून उभा राहिला.

"काका, बरं वाटतंय ना?" मी विचारलं.

त्यांनी उंदराची शेपटी तपासली. मग माझ्याकडे बघितलं.

"इंदापूरच्या आधी तिसरा उशिरा टाकलास," ते म्हणाले. "मी जागा होतो."