मालवणच्या वाटेवर तोल सांभाळताना

मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याची पायाभरणी केली. किल्ला, चिवला, रॉक गार्डन, तारकर्ली, देवबाग असे पाहण्याजोगे इतके आहे की, सोबतच्या आजी-आजोबांचे पाय कसे पुरणार, ही चिंता कुटुंबाला पडते. मग घरातील तरुण सुचवतात, ‘उभ्याने चालवायची ती विजेची दुचाकी भाड्याने मिळाली तर? ती स्वतःच तोल सांभाळते.’ सूचना प्रेमाची असते. तरीही वाचकहो, त्यातील ‘स्वतःच’ हा शब्द तपासून पाहावा.

‘सेगवे’ या नावाने हे वाहन डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत जगापुढे आले. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनीही गस्तीसाठी अशी वाहने वापरात आणली. याची चाके सायकलप्रमाणे एकामागे एक नसून शेजारी-शेजारी असतात. स्वार पुढे झुकला की संवेदक तो कल टिपतात आणि मोटर चाकांना त्याच दिशेने नेते. तळहातावर काठी उभी तोलणारा मुलगा काठी झुकेल तिकडे हात नेतो, तसेच हे. मात्र यंत्र सावरते ते केवळ पुढे-मागे. डावी-उजवीकडचा तोल स्वाराच्या घोट्यांनी आणि गुडघ्यांनीच राखायचा असतो. शिवाय चाकांना जमिनीची पकड हवी आणि बॅटरीत जोर हवा. बॅटरी उतरत आली असता स्वार पडू शकतो, हे लक्षात आल्याने २००३ मध्ये ही वाहने दुरुस्तीसाठी परत मागवावी लागली होती.

आता मालवणची जमीन पाहा. तारकर्लीच्या कोरड्या वाळूत चाक रुतते. जांभ्या दगडाच्या पाखाड्यांना पायऱ्या असतात. रॉक गार्डनचे खडक उंचसखल आणि ओले. किल्ल्यात जायचे तर हलत्या होडीत पाऊल टाकावे लागते. तेथे कोणतेच चाक उपयोगाचे नाही.

आपला तोल डोळे, अंतर्कर्ण आणि तळपायांची संवेदना या तिघांवर उभा असतो. मोतीबिंदूने दृष्टी अधू झालेली, मधुमेहाने तळवे बधिर झालेले, रक्तदाबाच्या गोळीने उठताच भोवळ येणारी, अशा व्यक्तीची उणीव यंत्राला कळत नाही. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात. साध्या पडण्यानेही खुबा मोडतो आणि फिरती व्यक्ती अंथरुणाला खिळते. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना डोक्याला मार लागला, तर जखम दिसत नसली तरी त्वरित रुग्णालय गाठावे. म्हणून साठीपुढील व्यक्तींनी हे वाहन टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पक्क्या, सपाट रस्त्यावर वाहन हवेच असेल, तर बसून चालवायचे चार चाकांचे घ्यावे. ते बंद पडले तरी उभे राहते.

मग ज्येष्ठांनी मालवण पाहू नये काय? अवश्य पाहावे. ओहोटीची वेळ विचारून सकाळी किनाऱ्यावर जावे. पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर पाय स्थिर पडतो. सैल चपला नकोत. टाचेला पट्टा असलेली रबरी तळाची पादत्राणे घालावीत. हाती काठी असावी. लांबचे अंतर रिक्षाने कापावे. होडीत चढताना एकाने पुढून हात द्यावा, दुसऱ्याने मागे उभे राहावे, आणि होडी पूर्ण थांबल्याशिवाय कोणीही उठू नये. पावसाळ्यात किल्ल्याकडची होडी वाहतूक बंद असते, हेही ध्यानात ठेवावे.

सहल ठरली की घरीच एक चाचणी करावी. भिंतीजवळ, कोणी सोबत असताना, एका पायावर १० सेकंद उभे राहता येते का, ते पाहावे. जमले नाही तर घाबरू नये. आपल्या डॉक्टरांकडून डोळे, तळवे, रक्तदाब आणि चालू औषधे तपासून घ्यावीत, व्यायाम शिकून घ्यावेत. तोल सरावाने पुष्कळसा सुधारतो आणि तो बॅटरीवर अवलंबून नसतो.