गाणं वजा केल्यावर

निकृष्ट प्रतीतही गाणं तग धरतं. ७८ आरपीएमच्या तबकडीवर खरखर कितीही असो, चाल कळते, शब्द कळतात, गळा ओळखू येतो. उरलेलं कान भरून काढतो. रेगेच्या पोटी जन्मलेल्या डबला ही सवलत नाही. तिथे चाल आणि शब्द आधीच काढून टाकलेले असतात. मागे राहतं ते ऐकू येण्याच्या अगदी काठावरचं: विरत जाणारा एको, मध्येच गप्प केलेली गिटार, ती किती वेळ गप्प राहिली तो अवधी. मास्टरिंग हा माझा व्यवसाय. चांगल्या पुनर्प्रकाशनाची सर्वांत जास्त गरज कुठल्या संगीताला आहे, असं कुणी विचारलं तर मी डबचंच नाव घेतो आणि पुरावा म्हणून एक अल्बम पुढे करतो. लंडनच्या क्रिएशन रेबेल या बँडचा ‘स्टारशिप आफ्रिका’.

डबची सुरुवात किंग्स्टनची, साठच्या दशकाच्या अखेरची. गाण्यातला आवाज काढून उरलेली ‘व्हर्जन’ रेकॉर्डच्या मागच्या बाजूला देण्याची पद्धत जमैकात रूढ झाली आणि ऑसबोर्न रडक ऊर्फ किंग टबी यांनी तिचं सोनं केलं. टबी विजेच्या उपकरणांची दुरुस्ती करणारे. फेडर खालीवर करत, एको आणि रिव्हर्ब (आवाजाचं घुमणं) मोजून सोडत ते एकाच ध्वनिमुद्रणातून दर वेळी निराळं संगीत काढत. वादक घरी गेले की टबींचं वादन सुरू व्हायचं, आणि त्यांचं वाद्य होतं मिक्सिंग डेस्क.

१९७८ मध्ये लंडनमध्ये ‘स्टारशिप आफ्रिका’ घडवणारा एड्रियन शेरवुड जेमतेम वीस वर्षांचा होता. तो वादक नव्हे. जमैकाच्या रेकॉर्ड ऐकून, विकून, त्यांच्यात राहून घडलेला निर्माता. क्रिएशन रेबेलमध्ये गिटारवर क्रूशल टोनी, ड्रमवर एस्किमो फॉक्स. त्या वर्षी ध्वनिमुद्रित झालेलं हे काम ‘फोर डी रिदम्स’ या छोट्या लेबलवर बाहेर आलं ते १९८० मध्ये. एका बाजूला ‘स्टारशिप आफ्रिका’ पाच भागांत, दुसऱ्या बाजूला ‘स्पेस मूव्हमेंट’ चार भागांत. डबच्या दर्दींनी ते जपलं, बाकीच्यांच्या कानावर फारसं गेलं नाही.

यातल्या दोन गोष्टी आमच्या धंद्यातल्या माणसाला थक्क करतात. एक, ड्रम. रेगेत ड्रम आणि बेस आधी, बाकी इमारत त्यावर. इथे तयार मुद्रणावर स्टाइल स्कॉट या आणखी एका, जमैकन ड्रमरने नंतर वाजवलं. त्यामुळे ताल पायाशी न राहता सगळ्यांच्या डोक्यावरून तरंगत जातो.

दुसरी गोष्ट उलट्या टेपची. शेरवुडने टेप उलटी फिरवून तिच्यावर रिव्हर्ब चढवला. हे कसं चालतं ते सांगतो. स्पूल उलटी लावली की प्रत्येक आवाज शेवटाकडून सुरुवातीकडे वाजतो. त्या अवस्थेत स्नेअर ड्रमच्या ठोक्याला रिव्हर्ब दिला आणि तो रिकाम्या ट्रॅकवर घेतला, की ठोक्याची शेपूट त्याच्या मागे नोंदली जाते. मग टेप सुलट करायची. आता शेपूट ठोक्याच्या आधी येते: कुठून तरी आवाज फुगत येतो, मोठा होतो आणि त्याच्या टोकाला ठोका पडतो. ढगांचा गडगडाट आधी ऐकू यावा आणि वीज मागून चमकावी, तसं. शिवाय टेप उलटली की ट्रॅकचा क्रमही उलटतो. सोळा ट्रॅकच्या टेपवर पहिला ट्रॅक सोळाव्या जागी जातो. डेस्कपुढे बसलेल्या माणसाची बोटांची सवय तिथे मोडते. मला तर वाटतं, या अल्बमला जे बेधडकपण आहे त्यात या मोडलेल्या सवयीचा वाटा मोठा आहे.

हे सगळं मी प्रथम ऐकलं ते कॅसेटवरून उतरवलेल्या कॅसेटवर. बेस होता, ताल होता, पण फुगत येणाऱ्या त्या आवाजाची सुरुवात टेपच्या सळसळीत बुडलेली होती. ठोका ऐकू यायचा, त्याची चाहूल नाही. आणि इथे चाहूल हेच संगीत आहे.

२०२४ मध्ये शेरवुडच्या ऑन-यू साउंड या लेबलने क्रिएशन रेबेलचं काम ‘हाय अबव्ह हार्ल्सडेन’ या संचात पुन्हा काढलं. हार्ल्सडेन ही वायव्य लंडनमधली जमैकन वस्ती. त्यात ‘स्टारशिप आफ्रिका’ ऐकताना चाहूल थेट शांततेतून उगवताना ऐकू आली. जुन्या मुद्रणाचं मास्टरिंग करणाऱ्यापुढे एक मोह असतो: कॉम्प्रेशन, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजांतलं अंतर कमी करणं, वाढवून सगळं मोठं करण्याचा. डबमध्ये तो घातक. कॉम्प्रेशन वाढलं की विरत चाललेली शेपूट ठोक्याच्या बरोबरीला येते, लांबचं आणि जवळचं एकाच भिंतीला चिकटतं, आणि टबींपासून चालत आलेली सगळी कारागिरी पुसली जाते. इथे लांबचं लांबच राहिलं आहे. मला या कामाबद्दल मनापासून आदर वाटतो.

बँडची कहाणी मात्र खडतर. हा बँड ज्यांच्या साथीला असे ते गायक प्रिन्स फार आय १९८३ मध्ये जमैकात मारले गेले आणि क्रिएशन रेबेल विखुरला. स्टाइल स्कॉट यांचाही २०१४ मध्ये तिथेच खून झाला. टोनी, फॉक्स आणि गायक रँकिंग मगू शेरवुडसोबत पुन्हा एकत्र आले आणि २०२३ मध्ये नवा अल्बम केला, ‘होस्टाइल एन्व्हायर्नमेंट’. ब्रिटिश गृहखात्याच्या स्थलांतरितांविषयीच्या धोरणाचं हे नाव होतं.

ऐकणार असाल तर फोनच्या स्पीकरवर ऐकू नका; डबचा बेस साधारण ४० ते १०० हर्ट्झमध्ये राहतो आणि एवढ्याशा स्पीकरला तो झेपत नाही. मोठे स्पीकर हवेत, चांगले हेडफोनही चालतील. सुरुवात ‘स्पेस मूव्हमेंट’च्या बाजूने करा. तिथे वाद्यांची गर्दी मला कमी वाटते. उलटा रिव्हर्ब कानाला लवकर सापडतो, मग पहिल्या बाजूवरच्या दाटीतही तो ओळखता येतो.