विरी

परातीतून उचलताना पहिलीच भाकरी मधोमध फाटली. अर्धी मास्तरांच्या हातात आली, अर्धी परातीला धरून बसली. उजवा हात प्लास्टरमध्ये घालून आई उंबऱ्याशी बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "पीठ कुठल्या डब्यातलं घेतलंस?"

"पुढच्या."

"मग बरोबर हाय. त्याची विरी गेलीया." आणि मास्तर दुसऱ्या डब्याकडं वळणार एवढ्यात, "त्याचीच कर. ते आधी संपलं पायजे."

मंगळवेढा तालुक्यातलं गाव, जानेवारीतली सकाळ. आदल्या आठवड्यात आई न्हाणीसमोरच्या ओल्या फरशीवर घसरली आणि मनगटाचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. मास्तरांची बायको सोलापुरात नोकरीला, ती शनिवारी यायची. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला गणित शिकवत. वय सत्तेचाळीस, आणि तोवर चहापलीकडं त्यांनी चुलीवर काही ठेवलेलं नव्हतं. वडिलांना मात्र दोन्ही वेळेला भाकरी लागे. चपाती हे त्यांच्या लेखी सणाचं नाहीतर आजारपणाचं खाणं. शेजारणी दोन दिवस भाकऱ्या देऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "लोकांच्या दुरडीवर किती दिस काढायचे?" आणि मास्तर परातीसमोर बसले.

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, पिठानं पिठाला धरून राहण्याची ताकद. गव्हाला ती फुकट मिळालेली असते. गव्हाच्या कणकेत पाणी गेलं की ग्लूटेनचं चिवट जाळं तयार होतं, म्हणून पोळी लाटता येते, ताणता येते, घडीही घालता येते. ज्वारीत हे जाळं बनतच नाही. गार पाण्यात भिजवलेलं ज्वारीचं पीठ ओल्या वाळूसारखं वागतं: मुठीत राहतं, पसरलं की भेगाळतं. धान्य नवं आणि दळण ताजं असलं तर त्याच्या अंगचीच थोडी विरी असते. दळून महिना झाला की ती जाते, आणि पिठातल्या तेलकट अंशाला हवा लागून वर कडवटपणा येतो. भाकरी करणाऱ्या घरात दळण आठवड्याचंच का टाकतात, त्याचं कारण हे. पुढच्या डब्यातलं पीठ दिवाळीनंतरचं होतं.

मग त्याची भाकरी करायची कशी? आईचं उत्तर होतं आधण. पाणी खळखळून उकळायचं, पिठात आळं करून त्यात ओतायचं, उलथन्याच्या टोकानं कालवायचं आणि झाकून ठेवायचं. पिठातला स्टार्च साधारण सत्तर अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगतो आणि खळीसारखा चिकट होतो. ग्लूटेनचं काम मग ही खळी करते. मास्तरांना हे एका पुस्तकात नंतर सापडलं. आईनं ते वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं: "मेलेल्या पिठाला कढत पाणी, जित्या पिठाला कोमट."

हात सोसेल इतपत निवालं की मळायचं. इथं मास्तरांचा गणिती स्वभाव आडवा आला. त्यांनी वाटीनं पीठ मोजलं, पेल्यानं पाणी मोजलं, तीन दिवस वहीत मांडलं. चौथ्या दिवशी तेवढ्याच पिठाला तेवढंच पाणी जास्त झालं. आईनं वही बघितली आणि म्हणाली, "काल आभाळ होतं, आज ऊन हाय. ह्येच्यात लिव्हलंय का?" नंतर वहीत किराण्याची यादी येऊ लागली.

मळणं बोटांचं काम नव्हे, तळव्याच्या टाचेचं. गोळा पुढं रगडत न्यायचा, मागं ओढायचा, पुन्हा रगडायचा. आधी तो कडांना फाटत राहतो. मग एका क्षणी फाटायचा थांबतो आणि टाचेखालून गुळगुळीत सरकतो. तो क्षण दिसत नाही, तळव्याला कळतो. मास्तरांना कळायला अकरा दिवस लागले. एकेका भाकरीचंच पीठ मळायचं, कारण मळून ठेवलेला गोळा पुन्हा सैल पडतो. म्हणजे सात भाकऱ्यांसाठी सातदा हीच कसरत. हॉटेलात भाकरी पोळीपेक्षा महाग का, असं विचारणाऱ्यानं एकदा सात भाकऱ्यांचं पीठ रगडून बघावं.

पुढचं थापणं. परातीत कोरडं पीठ भुरभुरायचं, गोळ्याचा चपटा उंडा त्यावर ठेवायचा आणि तळहातानं थापताना भाकरी फिरत राहिली पाहिजे. खाली पीठ कमी पडलं की ती चिकटते, फार झालं की करपट लागते. कडेला चीर पडली की ओल्या अंगठ्यानं तिथंच बुजवायची. पुढं गेल्यावर ती बुजत नाही. वडील ओसरीवरून हे सगळं ऐकत असत. पन्नास वर्षं त्यांनी थापण्याचा आवाज बांगड्यांसकट ऐकला होता. "आज बांगड्या वाजंनात," ते पहिल्या दिवशी म्हणाले होते. ही तक्रार होती की काळजी, ते घरात कुणालाच उमगलं नाही.

खरी परीक्षा तव्यावर. थापताना परातीला लागलेली, कोरड्या पिठाची बाजू तव्यावर वर येते. तिच्यावर ओला हात लगेच आणि सगळीकडं सारखा फिरवायचा. ते पाणी पुरतं सुकायच्या आत भाकरी उलटायची. लवकर उलटली तर तव्याला धरते, उशीर झाला तर पाणी लावलेल्या अंगाला भेगा पडतात. मधला वेळ काही क्षणांचा. वरची चकाकी जाऊन भाकरी नुकतीच मंद दिसू लागते, तेव्हा. दुसरी बाजू तव्यावर नीट भाजली की भाकरी चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आरावर टाकायची. आतलं पाणी वाफ होतं, वाट शोधतं, आणि वरचा पातळ पापुद्रा खालच्या जाड थरापासून सुटून टम्म उचलला जातो. एक चीर राहिली असेल तर वाफ तिथून निसटते आणि भाकरी पडून राहते. मळण्यात, थापण्यात, पाणी लावण्यात कुठंही केलेली कामचुकारी इथं उघडी पडते.

घरात गॅस आहे. भाजी, चहा, दूध त्यावरच. पण भाकरी पडवीतल्या चुलीवर. तिथंही सरपणाचा हिशेब आहे: तवा तापवायला तुराट्या, कारण त्या भडकन पेटतात, आर हवा तर बाभळीचं लाकूड, कारण त्याचा निखारा टिकतो. चुलीवरच्या जेवणाचं कौतुक करणारे पाहुणे धुराबद्दल बोलत नाहीत. मास्तरांचे डोळे पहिला आठवडा इतके चुरचुरत की वर्गातल्या एका पोरीनं त्यांना विचारलं, "सर, घरी काय झालंय का?"

पुढच्या डब्यातलं पीठ संपायला बारा दिवस लागले. एवढ्या हट्टाचं कारण मास्तरांनी एका दुपारी विचारलं, तेव्हा आईनं १९७२ सालाचा विषय काढला. त्या वर्षी तिचं लग्न झालं, आणि त्याच वर्षी दुष्काळ पडला. रानात दाणा नव्हता. रेशनवर अमेरिकेतून आलेली लालसर मिलो ज्वारी मिळे आणि कामावर सुकडी. दिवसा खडी फोडायची आणि रात्री मिलोच्या भाकरी थापायच्या, ही तिच्या सासरच्या संसाराची सुरुवात. मिलोला विरी म्हणून नव्हतीच. सतरा वर्षांची नवी सून, मोडणाऱ्या भाकऱ्या, आणि समोर सासू. "माहेरी शाळूचं पीठ होतं, तवा वाटायचं आपल्याला लई येतं. मिलोनं दाखवलं, काय येत न्हाई ते." आधणाची युक्ती तिनं त्या साली, एका शेजारणीकडून उचलली.

दुष्काळ सरला, पण वाईट पीठ काही सुटलं नाही. १९६४ मध्ये देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण, सीएसएच-१, आलं होतं. त्याच्या पाठोपाठ आलेल्या खरीप ज्वारीनं पिकाचं माप वाढवलं आणि गावोगाव एक नवा शब्द दिला: हायब्रीड. दाणा भरण्याच्या वेळी पाऊस लागला की ती काळी पडायची. घरोघरी एक न लिहिलेला नियम झाला: शाळू पाहुण्यांना आणि बाजाराला, हायब्रीड घरच्यांना. तिची भाकरीही मोडायचीच. म्हणजे ज्या हाताची गावात तारीफ व्हायची, तो हात निम्मं आयुष्य मिलो आणि काळ्या हायब्रीडवर घडला होता. हे कळल्यावर त्या बारा दिवसांकडं मास्तर जरा वेगळ्या नजरेनं बघू लागले. कंटाळा मात्र आलाच होता.

फेब्रुवारीत रान पिवळं पडलं. इथली काळी जमीन खोल आहे. उत्तरा-हस्ताचा पाऊस ती पोटात धरून ठेवते आणि त्याच ओलीवर, वरून पाणी न देता, ज्वारी थंडीत वाढते. वाण मालदांडी. १९३० च्या दशकात जवळच्याच मोहोळच्या संशोधन केंद्रावर मालदांडीतून निवडलेलं 'एम ३५-१' अजून इथल्या शेतकऱ्याच्या मनातून उतरलेलं नाही, कारण दाणा मोत्यासारखा आणि कडबा गोड. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कागदावर हे सगळं छान दिसतं. प्रत्यक्षात काढणी म्हणजे ताट मुळासकट उपटायचं. हाताला फोड, कंबरेला कळ, आणि त्यामुळं मजूर मिळत नाही. मास्तरांच्या भावकीतल्या दोघांनी ऊस लावला, एकानं हरभरा. त्यांना नावं ठेवावीत असं मास्तरांना वाटत नाही. रविवारी दोन तास उपटून आल्यावर तर मुळीच नाही.

नवी ज्वारी गिरणीत गेली. आईनं बजावलं होतं, "ज्वारीवरच ज्वारी टाकाय लाव, गव्हावर नको." दळण घरी आलं तेव्हा डबा बाहेरून कोमट लागत होता. त्या संध्याकाळी कोमट पाण्यात मळलेला गोळा तिसऱ्या रगड्यालाच गुळगुळीत झाला. थापताना भाकरी स्वतःहून फिरल्यासारखी फिरली, कड फाटली नाही, आणि आरावर टाकताच अशी फुगली की मास्तरांनी मोठ्यानं "आई" अशी हाक मारली. वडिलांनी रोजच्या दीडऐवजी दोन भाकऱ्या खाल्ल्या. बायकोनं फोनवर फोटो मागवला. आई म्हणाली, "ही तू न्हाई केलीस, रानानं केली."

त्याच संध्याकाळी मास्तरांच्या मनात एक गोष्ट आली. आईनं आयुष्यात कधी गरम भाकरी खाल्ली असेल का? करणारी बाई शेवटी जेवते, हे त्यांनी भाषणांत ऐकलं होतं आणि घरात पाहिलंही होतं. त्यांनी आरावरची दुसरी भाकरी, लोण्यासकट, तिच्या ताटात ठेवली. तिनं ती उचलून दुरडीतल्या फडक्याखाली सारली आणि कालची मागितली. शिळी भाकरी, दही, कच्चं तेल घातलेली शेंगांची चटणी. "गरमीनं तोंड भाजतं. चव कळत न्हाई. पन्नास वर्षं शिळी खाल्ली ती काय तुज्या बापाच्या भ्यानं?" ओसरीवरून वडिलांनी खाकरून हजेरी लावली. मास्तरांनी मनात जमवलेलं वाक्य गिळलं. लोणी लावलेली भाकरी अखेर शनिवारी आलेल्या मास्तरांच्या लेकीला मिळाली, आणि वर उरल्या पिठाची तळहाताएवढी चानकीही.

शिळ्या भाकरीचा मान तसा या जिल्ह्यात मोठाच. सोलापूरची कडक भाकरी हा त्याचाच पुढचा प्रकार: पातळ थापायची, तीळ लावायचे, पाणी पुरतं जाईपर्यंत शेकायची. पापडासारखी मोडते, पंधरा दिवस टिकते, आमटीत कुस्करली की पुन्हा मऊ होते. बचतगटांच्या बायका आता ती पाकिटात भरून पुण्या-मुंबईला पाठवतात. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं आणि सरकारनं या धान्यांना 'श्रीअन्न' असं नाव दिलं. मास्तरांच्या शाळेतही त्याची घोषवाक्यं लिहून घेतली होती. त्यातलं एकही भाकरी थापणाऱ्या हाताबद्दल नव्हतं.

आईला जुन्याचा सोस नाही, हेही सांगायला हवं. घरातलं जातं आता परसात पालथं पडलं आहे, त्यावर तुळशीला घालायची तांब्या-कळशी असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे मास्तरांनी तिला एकदा कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलं. गाणी ऱ्हायली, जातं गेलं. उलटं झालं असतं तर?" गिरणी आली तेव्हा तिनं नारळ फोडला होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्लास्टर निघालं. मनगट बारीक झालं होतं आणि पुरतं वळत नव्हतं. दुसऱ्या सकाळी मास्तर परातीसमोर बसले तशी आई मागून आली आणि म्हणाली, "सरक." बांगड्या घातल्या होत्या. मास्तर सरकले आणि तुराट्या सारू लागले.

तिनं गोळा रगडला, पण टाच पुढं जाईना. डाव्या हातानं उजव्यावर जोर दिला. थापताना भाकरी अर्धी फिरली आणि अडली. तिनं परातच फिरवली. उचलताना कडेला बोटभर चीर पडली. मास्तर काही बोलले नाहीत. तिनं अंगठा पाण्यात बुडवला, चीर बुजवली, भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. आरावर ती एका बाजूनं फुगली, दुसऱ्या बाजूनं वाफ सोडत राहिली.

ओसरीवर ताट गेलं. वडिलांनी पापुद्रा सोडवला, त्यात ठेचा भरला, पहिला घास खाल्ला.

"आज कुणी केली?"

आई चुलीशीच होती. ती दुसऱ्या भाकरीचं पीठ घेत होती, आणि मास्तर आधण उकळलं का ते बघत होते.