गळाला लागलेली सत्तर वर्षे

गळ हे मासे धरण्याचे सर्वांत साधे साधन. वाकवलेली तार, टोकाजवळ उलटा काटा, मागे दोरा आणि पुढे आमिष, एवढ्यावर त्याचे काम भागते. जाळे पोटासाठी असते आणि पाण्यातले जे सापडेल ते ओढून आणते. गळ एका वेळी एकच मासा देतो, आणि तोही त्याच्या सवयी ओळखल्याशिवाय देत नाही. मासा तळाशी चरतो की वर, पहाटे खातो की रात्री, कणकेला भुलतो की गांडुळाला, हे आधी कळावे लागते. म्हणून एकाच तळ्यावर वर्षानुवर्षे गळ टाकणाऱ्याला त्या पाण्यातली वस्ती नेमकी ठाऊक होते. कोण नवे आले आणि कोण दिसेनासे झाले, हे त्याला इतरांच्या आधी समजते. महाराष्ट्रात १९५० च्या सुमारास जन्मलेल्या आणि आयुष्यभर ही हौस जपलेल्या माणसाच्या वाट्याला तर मोठ्या उलथापालथीचा काळ आला. त्याचा गळ फारसा बदलला नाही, पण गळाला लागणारे मासे जवळजवळ सगळे बदलले.

अशा माणसाचा पहिला गळ बहुधा बांबूच्या काठीला बांधलेला असे. दोरा सुती, बुडवायला शिशाचा तुकडा, तरंगायला जोंधळ्याच्या ताटाचे भेंड आणि आमिष म्हणून ओढ्याकाठी उकरलेले गांडूळ. भीमा, नीरा, घोड, मुळा-मुठा यांच्या डोहांत शिंगटी, वाम, मरळ, शिंगाळा लागत. नशीब जोरावर असले तर महाशीर. ही दख्खनच्या नद्यांची मूळ वस्ती. खडकाळ पात्रातून वाहणाऱ्या, पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरणाऱ्या पाण्यात ती घडली. कर्नल विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधल्या माशांची वर्णने १८३९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा खुद्री, कोळुस, नुक्ता, फुलुंगी, ताकरी, शिंगाळा ही इथल्या लोकांकडून ऐकलेली नावे त्याने शास्त्रीय नावांत तशीच बसवली. शंभराहून अधिक वर्षांनंतरच्या पोराच्या गळालाही साधारण हीच मंडळी लागत होती.

त्या पोराच्या वाढत्या वयात नद्यांवर धरणे झाली आणि गळ टाकण्याची जागा डोहावरून जलाशयाच्या काठावर आली. सुती दोऱ्याऐवजी तंगूस मिळू लागला, पुढे फिरकी लावलेली काठी आली. पाणीही बदलले. वाहत्या पाण्यात अंडी घालणाऱ्या, दगडांवरचे शेवाळ खरवडून खाणाऱ्या माशांना साठलेल्या पाण्यात जगणे अवघड असते. हे नवे पाणी रिकामे राहू नये म्हणून त्यात बीज सोडण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. हिरालाल चौधरी यांनी १९५७ मध्ये कटक येथे पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज हवे तेवढे तयार करता येऊ लागले. हे तिन्ही मासे उत्तरेकडच्या नद्यांचे. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात ते पाहुणेच होते, पण देशातलेच असल्याने त्यांना कोणी परके मानले नाही. त्याच वर्षी कॉमन कार्पची बँकॉकहून आणलेली जात भारतात आली. हा मासा अन्नासाठी तळाचा गाळ उकरतो, पाणवनस्पती उपटतो आणि पाणी गढूळ करतो. गळ टाकणाऱ्याला मात्र तो आवडला, कारण तो मोठा होतो, जोर लावतो आणि कणकेच्या गोळीला हमखास येतो.

परका मासा आणि आक्रमक मासा यांत फरक करावा लागतो. मूळच्या प्रदेशाबाहेर नेलेला प्रत्येक मासा परका असतो. त्यांतले बरेच नव्या पाण्यात टिकत नाहीत. काही टिकतात पण माणसाने बीज सोडत राहिल्याशिवाय वाढत नाहीत. जो स्वतःहून वाढतो, पसरतो आणि आधीच्या रहिवाशांचे अन्न, जागा किंवा पिल्ले हिरावतो, तो आक्रमक. धरणाचा जलाशय अशा माशाला विशेष मानवतो. तिथली मूळ वस्ती आधीच विस्कटलेली असते, पाण्याची पातळी वरखाली होत राहते आणि सांडपाण्यामुळे प्राणवायू घटतो. अशा ठिकाणी निवडखोर मासा मागे पडतो आणि काहीही खाणारा, कसेही पाणी सोसणारा मासा पुढे जातो.

तिलापिया हा असाच मासा. आग्नेय आफ्रिकेतल्या नद्यांमधला मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. स्वस्त आणि भरपूर प्रथिने मिळावीत हा हेतू होता. याची मादी अंडी आणि कोवळी पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे इतर माशांच्या पिल्लांपेक्षा त्याची पिल्ले अधिक वाचतात. काही महिन्यांतच तो प्रजननक्षम होतो आणि उबदार पाण्यात वर्षातून अनेकदा वीण घालतो. तळ्यात गर्दी झाली की मासे खुरटे राहतात, तरी वीण थांबत नाही. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून तिथे पोचते. या पाण्यात तिलापियाने असा जम बसवला की भिगवणच्या मासळीबाजारात आणि महामार्गावरच्या ढाब्यांत चिलापी, म्हणजे हीच तिलापिया, उजनीची ओळख झाली. शेकडो मच्छीमार कुटुंबांची चूल तिच्यावर पेटते. त्यामुळे चिलापीला नुसते संकट म्हणून मोकळे होता येत नाही. तिने पोट भरले हे जितके खरे, तितकेच तिच्या गर्दीत नदीच्या मूळ माशांना जागा उरली नाही हेही खरे.

गळाच्या हौसेशी ज्याचे नाते सर्वांत जुने, तो महाशीर या काळात वेगळ्याच वाटेने गेला. दणकट शरीर, मोठे खवले आणि गळ लागताच प्रवाहाविरुद्ध घेतलेली झेप यांमुळे इंग्रज अमलापासून तो हौशी शिकाऱ्यांचा मानाचा मासा आहे. मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले, त्यात महाशीरला मोठे स्थान आहे. १९४६ मध्ये कबिनी नदीत व्हॅन इंगेन या हौशी मासेमाराच्या गळाला १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महाशीर लागला. पण सुरुंग, विष, धरणे आणि प्रदूषण यांनी हा मासा महाराष्ट्रातही दुर्मीळ होत गेला. तो वाचवण्यासाठी १९७० च्या सुमारास लोणावळ्याजवळच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने प्रजनन केंद्र सुरू केले. खोपोलीच्या वीजघरासाठी बांधलेल्या तलावांपैकी हा एक. मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी आणि पुढे शशांक ओगले यांच्या कामातून निळसर परांच्या दख्खनी महाशीरचे, म्हणजे साइक्सच्या खुद्रीचे, कृत्रिम प्रजनन साधले. ओलसर कापसात ठेवलेली फलित अंडी दूर पाठवता येतात हेही इथे सिद्ध झाले. महाराष्ट्रातल्या तलावांबरोबरच इतर राज्यांतही ही पिल्ले पोचली. भारतातल्या मत्स्यसंवर्धनाचे हे एक नामांकित उदाहरण ठरले.

यातली काही पिल्ले कावेरीच्या खोऱ्यात सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महाशीर निराळा होता: पाठीला कुबड असलेला, नारिंगी परांचा, आकाराने जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांत गणला जाणारा. १९७० च्या दशकानंतर कर्नाटकात कावेरीकाठी गळाच्या हौसेसाठी राखीव पट्टे आणि तळ उभे राहिले. भीमेश्वरी, गॅलिबोर, दोड्डमकली ही नावे परदेशी हौशींनाही माहीत झाली. मासा धरून, वजन करून, जिवंत परत सोडायचा असा तिथला रिवाज होता. गस्त असल्याने सुरुंग लावणारे दूर राहिले आणि मासे वाढले. सगळे सुरळीत चालले आहे असे वाटण्याजोगे चित्र होते.

ते फसवे होते, हे गळाच्या नोंदींनीच उघड केले. गॅलिबोरच्या तळावर कोणी किती तास गळ टाकला, कोणता मासा लागला, त्याचे वजन किती, हे लिहून ठेवले जात असे. १९९८ ते २०१२ या काळातल्या सहा हजारांहून अधिक महाशीरांच्या नोंदी ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ एड्रियन पिंडर, केरळचे राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. मासे वाढत होते, पण ते निळसर परांचे होते. कुबडाचा महाशीर घटत घटत अगदी विरळ झाला होता आणि त्याची तरुण पिढी जवळपास दिसत नव्हती. वाळूउपसा, धरणे, चोरटी शिकार यांचा वाटा होताच. त्यांच्या जोडीला बाहेरून आणलेल्या भावंडाची स्पर्धा आली. शिवाय कुबडाच्या महाशीरला निश्चित शास्त्रीय नावच नव्हते, आणि ज्याला नाव नाही त्याचे संरक्षण कायद्याने करणेही कठीण असते. केरळातल्या पांबार नदीतून २००७ मध्ये ‘टॉर रेमादेवी’ या नावाने वर्णन झालेला मासा तो हाच, हे २०१८ मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या, लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली. लोणावळ्यात जो मासा वाचवायचा होता, तोच कावेरीत आक्रमक ठरला. त्यामुळे आक्रमक म्हणजे परदेशी, ही समजूत अपुरी पडते. माशाचा देश त्याच्या नदीच्या खोऱ्याएवढाच असतो.

हौशी गळ आणि आक्रमक मासे यांचा संबंध इतरत्रही असाच घट्ट आहे. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक जीवांची जी यादी आययूसीएनने प्रसिद्ध केली, तिच्यात रेनबो ट्राउट, ब्राउन ट्राउट आणि लार्जमाउथ बास आहेत. हे तिन्ही मासे खेळाच्या हौसेपायी खंडोखंडी नेले गेले. लार्जमाउथ बास १९२५ मध्ये अमेरिकेतून जपानच्या आशी सरोवरात आला आणि १९७४ मध्ये जपानच्या सर्वांत मोठ्या, बिवा सरोवरात आढळला. ब्लूगिल हा दुसरा अमेरिकी मासा १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी युवराज अकिहितो यांना भेट दिला होता. सम्राट झालेल्या अकिहितो यांनी २००७ मध्ये बिवाकाठी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. बिवाच्या शिगा प्रांताने २००३ पासून हौशी मासेमारांना हे दोन मासे पाण्यात परत सोडण्यास मनाई केली आणि ते टाकण्यासाठी किनाऱ्यावर पेट्या ठेवल्या. धरून परत सोडणे हा या हौसेतला सर्वांत मोठा सद्गुण मानला जातो. परक्या माशाच्या बाबतीत तोच दोष ठरतो, हे बिवाने कायद्यात लिहिले.

आपल्या गळ टाकणाऱ्याच्या उतारवयात आणखी दोन मासे त्याच्या ओळखीचे झाले. आफ्रिकी मांगूर १९९० च्या दशकात चोरवाटेने बांगलादेशातून भारतात शिरला. तो हवेतून श्वास घेऊ शकतो, चिखलात तग धरतो, ओल्या जमिनीवरून सरकत दुसऱ्या पाण्यात जातो आणि इतर मासे खातो. केंद्र सरकारने २००० मध्ये त्याच्यावर बंदी घातली, तरी चोरून पाळलेल्या तळ्यांतून तो निसटत राहिला. दुसरा सकर. दक्षिण अमेरिकेतला हा कवचधारी मासा काचेच्या पेटीतले शेवाळ खातो म्हणून घरी आणला जातो आणि पेटीत मावेनासा झाला की जवळच्या तळ्यात सोडला जातो. तो काठात बिळे करून अंडी घालतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. उजनीच्या मच्छीमारांना हे नुकसान चांगले माहीत आहे. पहिले परके मासे सरकारी योजनेने आले होते, हे दोन व्यापाऱ्याच्या हावेने आणि शहरी घरातल्या दयेने आले.

एकदा मोठ्या तलावात रुजलेला मासा काढून टाकणे जवळजवळ अशक्य असते. कॅलिफोर्नियातल्या लेक डेव्हिसमध्ये कोणीतरी सोडलेला पाइक मासा मारण्यासाठी १९९७ मध्ये सगळ्या तलावात विष घातले गेले. १९९९ मध्ये पाइक पुन्हा दिसला आणि २००७ मध्ये तोच उपाय पुन्हा करावा लागला. सोलापूरला पिण्याचे पाणी देणाऱ्या उजनीत असा विचारही करता येणार नाही. त्यामुळे खरा उपाय पुढचा मासा येऊ न देण्याचा आहे, आणि त्यात हौशी मासेमाराच्या हातात बरेच असते. एका तळ्यातला जिवंत मासा दुसऱ्या तळ्यावर आमिष म्हणून नेऊ नये आणि उरलेले आमिष पाण्यात ओतू नये. पिशवी, जाळी, बूट आणि होडी धुऊन, वाळवून मगच दुसऱ्या पाण्यात न्यावी, कारण अंडी आणि अळ्या ओल्या वस्तूंतून प्रवास करतात. मांगूर किंवा सकर लागला तर तो परत सोडू नये. महाशीर लागला तर सोडावा, पण ज्या पाण्यात धरला त्याच पाण्यात. घरातले मासे तळ्यात नेऊन सोडू नयेत. तलावात बीज सोडायचे असेल तर ते त्याच खोऱ्यातल्या माशाचे आहे ना, हे आधी विचारावे.

आणि लागलेला प्रत्येक मासा जात, वजन, ठिकाण, तारीख यांसह वहीत लिहावा. दख्खनच्या बहुतेक तलावांवर अशी सलग नोंद ठेवली जात नाही. २०१२ च्या सुमारास कावेरीकाठच्या अभयारण्यातली गळाची हौस बंद झाली तेव्हा तिथली नोंदही थांबली. तोवर जे लिहिले गेले होते, तेवढ्यावरच एक मासा नामशेष होत चालल्याचे वेळेत लक्षात आले.